मणी जागे करताना

दोघी सख्ख्या बहिणी एकाच प्रयोगशाळेत होत्या. धाकटी प्रथिनं शुद्ध करायची. त्यासाठी तिला अ‍ॅगारोजचे, म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेल्या पदार्थाचे, मणी लागायचे, वाळूसारखे बारीक, ओले, पांढरे. नुसत्या मण्यांना प्रथिन धरून ठेवता येत नाही; आधी एका जहाल विषारी रसायनाने त्यांना 'जागं' करावं लागतं. ते काम शेजारच्या खोलीत थोरली करायची.

त्या सकाळी तिने वाफ ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात विषाची बाटली उघडली. त्याचा वास नाकाला असा झोंबतो की गळती लगेच कळते. पण मागच्या आजारपणानंतर थोरलीला कसलाच वास येत नव्हता. काम हातचं जाईल म्हणून तिने ही गोष्ट प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्याच काय, कुणाच्याच कानावर घातली नव्हती.

दार लोटून धाकटी आत आली. "ताई, मणी झाले का गं? ...शी, कसला वास सुटलाय हा?"

थोरलीने चमकून वर पाहिलं. कपाटाच्या तोंडाशी चिकटवलेली कागदाची पट्टी एरवी सतत फडफडायची. आता ती सरळ लोंबत होती. आतला पंखा बंद पडला होता! कधीपासून?

"बाहेर हो! आधी बाहेर हो!"

झाकण घट्ट फिरवून तिने काच खाली ओढली, धाकटीला ढकलतच बाहेर नेलं आणि धोक्याची घंटा दाबली. पायऱ्यांवर धाकटी खोकत खाली बसली. डोळे लालभडक. थोरली तिची पाठ चोळत राहिली.

दवाखान्यात दोघींना संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

"तुला खरंच वास आला नाही?" धाकटीने विचारलं.

थोरलीने मान खाली घातली. "कित्येक दिवस येत नाही."

धाकटी म्हणाली, "उद्या मॅडमना तू सांगतेस, की मी सांगू?"

थोरलीने सांगितलं. ते काम तिच्याकडून काढून घेतलं. मणी आता बाहेरून तयार होऊनच येतात. तरी अजून साधी मिठाच्या पाण्याची बाटली उघडतानाही ती आधी धाकटीच्या चेहऱ्याकडे बघते.