मंगळवारचा दाणा

सरूने भाजलेला शेंगदाणा सोलला, दगडावर ठेचला आणि बोटाच्या टोकावर राहील एवढाच कूट सहा वर्षांच्या ठकीच्या खालच्या ओठाला लावला. लावला, आणि लगेच पदराने पुसलाही. मग लेकीच्या तोंडाकडे बघत ती उंबऱ्यात बसली.

"चाटू नगंस."

"का गं? गोड हाय?"

"गप बस."

उपास धरायला लावल्यापासूनच्या चार महिन्यांत ठकीचं तोंड पाच वेळा सुजलं होतं. शेवटच्या खेपेला घशातून शिट्टी वाजू लागली आणि ओठ निळे पडले. पाचही वेळा उपासाचा दिवस. पोरीकडून उपासात काहीतरी चुकतं म्हणून देव कोपतो, असं सासूबाईंचं, झुंबरबाईंचं म्हणणं. त्यांनी तिच्या एकादशीला सोमवारही जोडला. कान्हे गावात ते कुणाला खोटं वाटलं नाही. सरूलाही नाही. पण काल, पहिल्याच सोमवारी, कामशेतला माहेरी ठकीने दूध-रताळ्यावर उपास काढला आणि दिवसभर अंगणात हुंदडली. घरी उपासाला वरीच्या भातावर दाण्याची आमटी असे. एरवी दाण्यांना कुणी हात लावत नसे. ते उपासासाठीच राखलेले.

देव की दाणा, हे कळायला बिनउपासाचा दिवस हवा होता. नवरा लोणावळ्याला रेल्वेत, शनिवारी येणार. तो असता तर त्याने तिचा हात अडवला असता. आणि परवा एकादशी होती.

"आई, मुंग्या चावत्यात."

ओठ एका बाजूने वर चढू लागला. सरूने तिला मांडीवर ओढलं, तोंडाशी कान नेला. श्वास येत होता, जात होता. हात जोडावेत तर मागावं काय, तेही सुचेना. बऱ्याच वेळाने सूज थांबली. शिट्टी वाजली नाही. तेव्हा सरू हसली, आणि आपण हसलो हे कळताच तिने तोंडात पदर कोंबला.

"काय झालं पोरीला?" झुंबरबाई गोठ्यातून शेणाच्या हातांनी तशाच आल्या होत्या. "आज काय मोडलं हिनं?"

"काय न्हाई, आत्याबाई. आज मंगळवार. मीच दाणा लावला व्हटाला."

शिव्या येतील, हात उठेल, म्हणून सरूने मान खाली घातली. झुंबरबाई मात्र समोर उकिडव्या बसल्या. ठकीच्या ओठाकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"माजा थोरला असाच सुजला व्हता. सोपान. पाच वर्साचा. शिवरातीला." त्या म्हणाल्या. "नगं, नगं म्हनत व्हता. मी म्हनलं, देवाचं हाय, टाकू न्हाई. नाक दाबून पाजली आमटी."

आपल्या नवऱ्याला थोरला भाऊ होता, हे सरूने आजवर ऐकलं नव्हतं.

"त्येंला ताप आसंल, आत्याबाई," ती घाईघाईने म्हणाली. "तवा साथीत लय पोरं जायाची."

झुंबरबाईंनी ठकीच्या कपाळाकडे हात नेला आणि तो शेणाने भरलेला दिसताच मागे घेतला.

"ताप नव्हता गं," त्या म्हणाल्या. "मी हात लावून बगितला व्हता."