वीसपैकी वीस

सेफ्टी साहेबांनी प्रेसवाल्याची उत्तरपत्रिका टेबलावर ठेवली आणि ताईंना सही करायला सांगितलं. ताई या कारखान्याच्या ऑफिसातल्या क्लार्क. एकोणीस वर्षं हजेरी, रजा आणि असले कागद सांभाळत आलेल्या. चार दिवसांपूर्वी प्रेसवाल्याच्या उजव्या हाताची तीन बोटं पत्रा दाबायच्या प्रेस मशीनखाली गेली होती. आज चौकशी होती, आणि चूक त्याची ठरली तर नोकरी जाणार, हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. धोक्यांचं प्रशिक्षण दिलं, त्याचा उपयोग किती झाला ते मोजायला परीक्षा घेतली, याला पैकीच्या पैकी मिळाले. मशीनची दोन्ही बटणं दोन्ही हातांनी दाबायची, हे याने सातव्या उत्तरात लिहिलंय. म्हणजे सगळं कळत असून, एक बटण दाबलेलंच राहावं म्हणून याने त्यात पाचर ठोकली. परीक्षा आपल्यासमोर झाली एवढं ताईंनी लिहिलं, की विषय संपला.

उत्तरपत्रिकेतलं अक्षर ताईंचंच होतं. परीक्षेच्या दिवशी ऑर्डरची घाई म्हणून एकही माणूस मशीनवरून उठला नव्हता. साहेबांनी रिकाम्या खुर्च्यांना फिल्म दाखवली, चहा घेतला आणि चाळीस कोऱ्या उत्तरपत्रिका ताईंपुढे टाकल्या. ताईंनी तीन वेगवेगळ्या पेनांनी त्या भरल्या. खरं वाटावं म्हणून काहींना अठराच दिले. प्रेसवाला बिचारा भला माणूस, त्याला वीस. त्या शहाणपणाची त्यांना आता किळस येत होती. आणि पाचर तर प्रत्येक मशीनला होती. पत्रा सरकवायला एक हात मोकळा राहावा म्हणून सुपरवायझरच पाचरी सुताराकडून डझनाने करून घ्यायचा. साहेब रोज त्या मशीनसमोरून जायचे आणि आज तोंड वर करून नियम सांगत होते.

प्रेसवाला समोर बसला होता, बँडेजचा हात मांडीवर घेऊन. त्याला सहीपुरतं लिहिता यायचं, आकडे तेवढे वाचता यायचे. त्याने डाव्या हाताने कागद जवळ ओढला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"ताई, माझे वीसपैकी वीस?" तो हळूच म्हणाला. "शाळेत मला कधी पास पण केलं नव्हतं. हा कागद घरी नेला तर चालेल का? पोरीला दाखवला असता."

साहेबांना हसू आलं. त्या हसण्याकडे ताईंना बघवेना.

त्यांनी कागद घेतला आणि सहीच्या जागी लिहिलं, 'उत्तरं माझ्या हातची आहेत. हा माणूस परीक्षेला बसलेला नाही.' मग कपाटातून उरलेल्या एकोणचाळीस पत्रिका काढल्या. आपण काय लिहिलं ते प्रेसवाल्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

"स्वतःच्या नोकरीचा तरी विचार करा," साहेब म्हणाले.

ताईंनी दुसऱ्या कागदावर तेच वाक्य लिहायला घेतलं. प्रेसवाल्याने खुर्ची पुढे ओढली आणि डाव्या हाताने तो त्यांना एकेक कागद सरकवून देऊ लागला.