चादर बदलताना

सासूबाईंना कुशीवर वळवून सून त्यांच्या पाठीमागची घाण झालेली चादर गुंडाळत होती. धाकटा दीर, जीवशास्त्राचा प्राध्यापक, नाकाला रुमाल लावून दारात उभा होता.

"वहिनी, म्हाताऱ्या माणसाचा निसर्गाला उपयोग नसतो. तुम्ही राबता ते कळपातली जागा राखायला. मी लांब राहतो, तेही उत्क्रांतीला धरूनच."

सासूबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले.

"भाऊजी, त्यांना ऐकू येतं. आता जरा त्यांचा खांदा धरा."

तो घड्याळ बघत मागे सरला.

इतक्या महिन्यांत या खोलीत तिला कधी मळमळलं नव्हतं. आज उमळून आलं.

"बाहेर व्हा आणि दार ओढून घ्या," ती म्हणाली. "आईंचे कपडे बदलायचेत. परक्यासमोर त्यांना लाज वाटते."