माझ्या अंगावरची रांगोळी

मित्रांनो, मी एक जुना रॅम्प आहे. नाशिकमधल्या एका कॉलेजच्या मुख्य इमारतीपुढे, पाच पायऱ्यांच्या डाव्या हाताला मी गेली अकरा वर्षे पडून आहे. कॉलेजचे नाव सांगत नाही. सांगितले तर ते लोक उद्या सकाळीच मला पुन्हा रंग देतील, आणि रंगाने माझे काही भले होत नाही हे मला आता कळून चुकले आहे.

छत्री, घड्याळ, खुर्ची यांची गाऱ्हाणी तुम्ही वाचली असतील. त्यांनी आयुष्यभर काम केले आणि मग लोकांनी त्यांना अडगळीत टाकले, असे त्यांचे दुःख असते. माझे उलटे आहे. मला रोज झाडतात, एक वर्षाआड रंगवतात, माझे फोटो छापतात. फक्त ज्या कामासाठी मी आहे, तेवढे एक काम मला नीट करता येत नाही. याचा मला राग येतो. दुःख वगैरे नंतर, आधी राग येतो.

माझा जन्म चंदर गवंड्याच्या हातचा. हा पेठ तालुक्याकडचा माणूस, बोलायला कमी आणि कामाला चोख. त्याने पायऱ्यांची उंची मोजली, ती अडीच फूट भरली. मग त्याने समोरच्या अंगणात तीस फूट मोजून चुन्याची रेघ मारली. तेवढ्यात उपप्राचार्य शामसुंदर सर बाहेर आले आणि म्हणाले की एवढा लांब कशाला, बदामाच्या झाडाखाली संस्थेच्या अध्यक्षांची गाडी लागते, तिथपर्यंत येता कामा नये. चंदरने हातातली फुटपट्टी खाली ठेवली आणि एकच गोष्ट सांगितली.

"साहेब, फुटाला बारा फूट लागतात. अडीच फुटाला तीस. दवाखान्याचा केला तवा इंजिनेरनं तसंच करवून घेतलं व्हतं. कमी केला तर खुर्ची चढायची नाय."

सर म्हणाले, तू बांध, चढायचे आम्ही बघू. अध्यक्षांची गाडी महिन्यातून दोनदा यायची. तिच्यासाठी माझी एकोणीस फूट लांबी कापली गेली आणि मी अकरा फुटांचा झालो. चंदरने मन लावून माझी पाठ घोटली, एका बाजूला पाइपचा कठडा बसवला. जाताना तो माझ्याकडे वळून पाहत मान हलवत गेला. म्हणजे मी जन्मतःच खोटा होतो आणि मला बनवणाऱ्याला ते ठाऊक होते.

तरी पहिली काही वर्षे माझा भाव मोठा होता. माझ्या अंगावर निळ्या रंगात चाकाच्या खुर्चीचे चित्र काढले गेले. माहितीपुस्तकात माझा फोटो आला, खाली 'दिव्यांगस्नेही परिसर' असे ठळक अक्षरात लिहिले होते. आणि माझ्यावरून काय काय गेले ते ऐका. स्नेहसंमेलनाचे स्पीकर गेले. कॅन्टीनचा फ्रिज गेला. पाण्याचे जार रोज जातात. गणपतीत मूर्ती हातगाडीवरून आत जाते. मुले माझ्या कठड्यावर बसून वडापाव खातात आणि कागद माझ्या पोटाशी टाकतात. शिपाई मंगळू पावसाळ्यात आपली स्कूटर माझ्यावरूनच व्हरांड्यात घेतो. स्कूटरला इंजिन असते, म्हणून ती चढते.

खरी खुर्ची माझ्यासमोर आली ती आठ वर्षांनी.

तिचे नाव योगिनी. घोटीची मुलगी. वडील भाताच्या गिरणीत कामाला. आठवीत असताना ती गिरणीच्या माळ्यावरून पडली आणि तिच्या कमरेखालच्या शरीराने तिचे ऐकणे सोडून दिले. पण डोके तल्लख, त्यात रसायनशास्त्राचे वेड. ती बी.एस्सी.ला इथे आली, आणि आई लताबाई तिच्यासाठी कॉलेजजवळ तळमजल्यावरची एक खोली घेऊन राहू लागली. प्रयोगशाळा तळमजल्यावरच आहे. म्हणजे योगिनी आणि तिचे शिक्षण यांच्यामध्ये फक्त अडीच फूट होते. त्या अडीच फुटांसाठी मी होतो.

पहिल्याच दिवशी मी तिच्यापुढे उघडा पडलो. लताबाईंनी जोर लावला, खुर्ची अर्ध्यापर्यंत चढली आणि त्यांची चप्पल घसरली. खुर्ची मागे आली, योगिनीचा कोपर कठड्यावर आपटून फुटला. त्या दिवसापासून खुर्ची वर न्यायला मागून दोन माणसे आणि पुढून एक, अशी तीन लागू लागली. तीन माणसे मिळेपर्यंत योगिनी खाली थांबायची. कधी पाच मिनिटे, कधी अर्धा तास. तिच्या वर्गातली मुले धावत पायऱ्या चढून जायची, काही थांबून हात लावायची, काही हात हलवून पुढे जायची. मी तिला आत नेण्यासाठी होतो आणि रोज मीच तिला बाहेर थांबवत होतो.

तिने तीन वर्षांत तीन अर्ज दिले. तिन्ही अर्जांत फुटाला बारा फुटांचा हिशोब नीट लिहिलेला होता. तिन्हींवर 'विचाराधीन' असा शेरा पडला. एकदा तर शामसुंदर सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिच्या जिद्दीचे कौतुक केले. जिद्दीचे कौतुक करायला सिमेंट लागत नाही.

एक गोष्ट मात्र ती कोणालाही करू देत नसे. पहिल्या वर्षी एका कार्यक्रमाला दोघा शिपायांनी तिला खुर्चीसकट उचलून पायऱ्यांवरून नेले होते. लोकांनी मोबाइल काढले, कोणी टाळ्याही वाजवल्या. त्या संध्याकाळी माझ्यापाशी आल्यावर ती आईला म्हणाली, "आई, इथून पुढं मला कुणी उचलायचं नाय. भाताचं पोतं हाय का मी?" लताबाईंनी मान हलवली आणि खुर्ची घराकडे वळवली.

आता गेल्या मार्चची गोष्ट सांगतो. कॉलेजात बाहेरून तपासणी समिती यायची होती. महिनाभर सगळ्यांची धांदल चालली होती. कुंड्या आल्या, फलक आले, मला निळा रंग आला. समितीला प्रयोगशाळा भरलेली दिसावी म्हणून तिसऱ्या वर्षाची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा त्याच दिवशी ठेवली गेली. परीक्षा साडेदहाला. बाहेरचे परीक्षक येणार होते आणि अकरानंतर कोणालाही आत घेणार नव्हते. प्रात्यक्षिक चुकले की वर्ष गेले.

त्या दिवशी सकाळी सहाला यशश्री नावाची मुलगी रंगांच्या पिशव्या घेऊन माझ्यापाशी आली. ही इथलीच, कला शाखेतली, कॉलेजच्या सगळ्या समारंभांच्या रांगोळ्या हीच काढायची. आपल्याकडे पाहुणे येणार म्हटले की उंबऱ्यापुढे रांगोळी हवीच, आणि शामसुंदर सरांना ती माझ्या अंगावर हवी होती. चार तास वाकून तिने रांगोळी काढली. मध्ये मोठे कमळ, कमळात चाकाची खुर्ची, खाली 'सर्वांसाठी खुले द्वार'. रांगोळी सुंदर होती, हे मी नाकारत नाही. दोन्ही बाजूंना झेंडूच्या कुंड्या लागल्या आणि माझ्या पायथ्याशी आडवी फुलांची माळ बांधली गेली. साडेअकराला समितीचा फोटो होईपर्यंत कोणी रांगोळीवर पाऊल ठेवायचे नाही, असा हुकूम निघाला.

दहा वाजून दहा मिनिटांनी योगिनी आली.

ती माळेपुढे थांबली. तिने खुर्चीचे चित्र पाहिले, अक्षरे वाचली आणि आईकडे पाहिले. शामसुंदर सर लगबगीने आले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता.

"बाळ, आज जरा मागच्या दाराने जा. मंगळू आणि आणखी दोघे तुला उचलून नेतील. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"सर, मागे सात पायऱ्या आहेत आणि मी कोणाला मला उचलू देत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. हा रॅम्प माझ्यासाठी आहे ना?"

"तुझ्यासाठीच तर हे सगळं चाललंय," सर म्हणाले.

मित्रांनो, मला तोंड असते तर त्या क्षणी मी काय बोललो असतो ते लहान मुलांपुढे सांगण्यासारखे नाही. लताबाई शांत बाई, कधी कोणाला उलट बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या पुढे झाल्या.

"साहेब, रांगोळी उद्या बी काढता येती. माझ्या पोरीचं वरीस गेलं तर ते कोण काढून देणार?"

सरांनी घड्याळाकडे पाहिले, फोन वाजला तसे ते गेटकडे गेले. जाताना मंगळूला बजावून गेले की माळ सुटता कामा नये. मंगळू खाली मान घालून उभा राहिला. साडेदहा झाले. प्रयोगशाळेच्या खिडकीतून काचेच्या नळ्यांचा आवाज येऊ लागला. पावणेअकरा झाले. योगिनीने दोन्ही हात चाकांवर ठेवले होते, पण एकटीने ती चढ चढू शकत नव्हती. आणि हा चढ म्हणजे मी. त्या पस्तीस मिनिटांत मला स्वतःची जितकी लाज वाटली तितकी कधी वाटली नव्हती.

यशश्री कुंडीजवळ बसून बोटांचे रंग पुसत होती. तिने सगळे ऐकले होते. ती उठली, माळेची गाठ सोडली आणि माळ कठड्यावर टाकली. मंगळू दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, तुमचीच मेहनत हाय ती." ती म्हणाली, "म्हणूनच मी सोडतेय. पुढून धर, मंगळूदादा."

मंगळूने एकदा गेटकडे पाहिले आणि पुढून खुर्ची धरली. मागून लताबाई आणि यशश्री. चाके कमळावरून गेली, चितारलेल्या खुर्चीवरून गेली, अक्षरांवरून गेली. माझ्या अंगावर दोन सरळ पट्टे उमटले. चाकांच्या गुलाबी आणि पिवळ्या खुणा व्हरांड्यातून थेट प्रयोगशाळेच्या दारापर्यंत गेल्या. योगिनी आत पोहोचली तेव्हा अकराला पाच मिनिटे कमी होती. गेलेली पंचवीस मिनिटे तिला कोणी परत दिली नाहीत.

नंतर आरडाओरडा झाला. सरांनी यशश्रीला पट्टे भरून काढायला सांगितले. ती म्हणाली, रंग संपले. तिच्या पिशवीत अर्धा किलो गुलाबी रंग होता, मी पाहिला होता. मग दुसऱ्या दोघींकडून पट्टे भरून घेतले, मंगळूने व्हरांडा पुसला, आणि साडेअकराला समितीने माझ्यासमोर उभे राहून हसत फोटो काढला.

पण जो वर चढतो त्याला खाली उतरावेही लागते, हे सर विसरले होते. दुपारी दोन वाजता समिती व्हरांड्यात चहा पीत होती आणि योगिनी बाहेर आली. लताबाईंनी रोजच्यासारखी खुर्ची उलटी फिरवली आणि योगिनीला पाठमोरी घेऊन, मागे मागे पाऊल टाकत, त्या माझ्यावरून उतरू लागल्या. दाताखाली ओठ धरून त्या सगळा भार अंगावर घेत होत्या. समितीतल्या एका बाईंनी विचारले की खुर्ची अशी उलटी का नेतात.

योगिनी म्हणाली, "मॅडम, सरळ उतरले तर मी तोंडावर पडते. याला तीस फूट पाहिजेत, अकराच दिलेत."

व्हरांड्यात कोणी कप खाली ठेवला नाही. बाईंनी मात्र वहीत काहीतरी लिहिले. मला वाटले, लिहिले म्हणजे झाले. मीही किती भोळा.

दोन महिन्यांनी अहवाल आला. सुविधांचे कौतुक होते आणि माझ्याबद्दल एक ओळ होती : 'उताराबाबत दक्षता घ्यावी.' कॉलेजने लगेच दक्षता घेतली. माझ्या डोक्याशी एक पिवळी पाटी लावली. 'उतार तीव्र आहे. स्वतःच्या जबाबदारीवर वापर करावा.' माझ्याबद्दलचे सत्य सांगायला त्यांना अकरा वर्षे लागली, आणि ते सत्य त्यांनी माझ्यावर चढणाऱ्यांवरच ढकलून दिले.

योगिनी पास झाली. प्रात्यक्षिकात तिचा दुसरा प्रयोग अर्धवट राहिला, म्हणून गुण कमी पडले. एम.एस्सी.ला तिने इथे अर्ज केला नाही. मी तिला दोष देत नाही.

जूनमध्ये हरसूलहून एक माणूस आपल्या मुलीला घेऊन आला. मुलीची खुर्ची नवीकोरी होती, हँडलवरचे प्लॅस्टिकही निघाले नव्हते. प्रवेशअर्ज तिच्या मांडीवर होता. त्या माणसाने पाटीवरचे एकेक अक्षर लावत ती वाचली आणि मंगळूला विचारले, "म्हंजी पडली तर तुमी जिम्मेदार नाय, असंच ना?"

मुलगी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहत राहिली. मग म्हणाली, "चला बाबा, बस निघून जाईल." बाप म्हणाला, "चल, सायली." मला तिच्याबद्दल ठाऊक आहे ते एवढेच, तिचे नाव. अर्ज कोराच परत गेला.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आम्ही वस्तू हात जोडून म्हणतो की आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला जपू नका, मला फोडा. पेठच्या बाजूला कुठेतरी चंदर गवंडी असेल, त्याला बोलवा. त्याची चुन्याची रेघ जिथे संपत होती तिथपर्यंत, पूर्ण तीस फूट, नवा रॅम्प बांधू द्या. अध्यक्षांची गाडी उन्हात उभी राहिली तरी चालेल, तिला चार चाके आहेत आणि इंजिनही. माझे तुकडे नव्या रॅम्पच्या भरावात टाका, तिथे मी खरा कामाला येईन.

आणि तो वाळला की त्याच्यावर रांगोळी काढत बसू नका. आधी हरसूलला निरोप पाठवा. सायलीला म्हणावे, ये.