हळदीच्या दिवसांतली हवा

विशाखा वडिलांना घेऊन हट्ट्याच्या फाट्यावर उतरली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, पण ऊन नव्हतं. फेब्रुवारी असून आभाळ दाटलं होतं. गावाभोवतीच्या शेतांत हळद शिजत होती. एरवी वर निघून जाणारा कढयांचा धूर त्या गारठ्यात माणसाच्या उंचीवरच बसून राहिला होता.

वडिलांना ती दादा म्हणे. दादांनी चार पावलं टाकली आणि धाप लागून ते मैलाच्या दगडावर टेकले.

"थंडीनं व्हतंय," ते म्हणाले. "धुराचं काई न्हाई."

"मी कुठं काय म्हटलं?"

"मग नाकाला पदर काहून लावला? मास्तरीण झालीस म्हून हळद परकी झाली व्हय?"

तिनं पदर खाली घेतला.

तीस वर्षं दादांनी लोकांच्या हळदीची चुलवाणं पेटवली होती. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या जाळात सारायच्या आणि कढईवर वाकून वाफ हुंगायची. बाकीचे कंदात काडी टोचून बघत, दादा नाकानं सांगत. 'रामजीला बोलवा' म्हणून गावोगावचे सांगावे येत. वाफेबरोबर धूरही आत जात राहिला.

दिवाळीपासून ते हिंगोलीला तिच्याकडे होते. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून तिला एकटीला सांगितलं होतं, "हा नुसता दमा नाही. धुरानं फुप्फुसं कायमची खराब झालीत. धुरापासून लांब ठेवा, गारठ्यात जपा." दोन महिने तिनं जपलंही. मग पहाटेचा तो न थांबणारा खोकला, पलंगाखालचा थुंकायचा राखेचा डबा, शिकवणीला येणाऱ्या मुलींचं दाबलेलं हसू. एका संध्याकाळी ती म्हणाली, "दादा, जिल्हा झाल्यापासून इथं सगळे रस्ते खोदलेत. त्यात जिनिंगची धूळ. डॉक्टर म्हणाले, गावची मोकळी हवा बरी."

"डाक्टर म्हनला?" त्यांनी लगेच पिशवी भरायला घेतली.

घरी आई, पद्माबाई, चूल फुंकत होती. दोघांना बघून ती उठलीच. "आन आत्ता आनलंस? घरोघर कढया लागल्यात!"

"मोकळ्या हवेला आलोय मी," दादा म्हणाले. "डाक्टरचा हुकूम हाय."

आईनं लेकीकडं पाहिलं. विशाखानं औषधाचा पंप उशाशी ठेवला, तो कसा ओढायचा ते आईला दोनदा दाखवलं आणि तीनची बस धरली. दादा दारात उभे होते. एक हात चौकटीला, एक हात वर.

चौथ्या दिवशी शाळेत फोन आला. आभाळ हटलंच नव्हतं, धूर घरात साचला होता. जीप मिळेपर्यंत सगळं संपलं.

पुण्यानुमोदनाला विहारात गाव जमलं. वंदना झाली. दादांच्या फोटोपुढं मेणबत्त्या लागल्या आणि एकेक जण उठून दोन शब्द बोलू लागला. शेजारची सखुबाई उठली.

"रामजीभाऊ आदल्या दिशीबी सांगत व्हते, माह्या लेकीला माही लई काळजी. माह्या हवेसाठी शाळा बुडवून आली म्हने. धाप लागलेली, पर सांगून राहिले व्हते. अशी लेक समद्याला भेटो."

बायांनी डोळ्यांना पदर लावले. "आता म्याडम बोलतील," कुणीतरी म्हणालं.

विशाखानं कागदावर चांगली वाक्यं लिहून आणली होती. ती उठली. शेवटची कढई अजून कुठंतरी उकळत होती, तिचा वास दारातून आत येत होता. हळद शिजत आली होती. एवढं तिलाही कळत होतं. तिनं कागद मुठीत मिटला.

"गावची हवा बरी, असं डॉक्टर म्हणालेच नव्हते," ती म्हणाली. "धुरापासून लांब ठेवा, असं म्हणाले होते."

आई मान वर करून बघत होती. विशाखा फोटोकडं वळली. इतक्या वर्षांत शाळेत पुसून टाकलेली बोली आपोआप तोंडात आली.

"दादा, मला तुमच्या खोकल्याची लाज वाटत व्हती. म्हून आनून सोडलं तुमाला हितं."