पुनवेचं पाणी

"ओ गुलाबी शर्ट! दोरीच्या आत या, दोरीच्या आत!"

केसरीनाथने हाक मारली आणि शिट्टी पुन्हा तोंडात घालून दोनदा फुंकली. बदकाच्या आकाराच्या पायडल बोटीत बसलेल्या गुलाबी शर्टवाल्याने मागे वळून पाहिलं, शेजारी बसलेल्या बायकोला काहीतरी सांगितलं, आणि दोघांनी मिळून बोट नेमकी गळ टाकून बसलेल्या माणसांच्या रोखाने वळवली. काठावरून शिव्या सुरू झाल्या.

शुक्रवार उजाडला की केसरीनाथचे हे असे हाल. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. सहा दिवस खटखटीने कान किटलेली माणसं सातव्या दिवशी कोन गावाच्या पुढे भोकरतळ्यावर येऊन पाण्याकडे बघत बसायची. कोणी गळ घेऊन, कोणी बायकापोरं घेऊन. तळं गावाचं, त्यामुळे शिस्तही गावाची. तेलाचे रिकामे डबे बांधून एक लांब दोरी पाण्यावर सोडलेली होती. दोरीच्या एका अंगाला बोटी, दुसऱ्या अंगाला गळ. पलीकडचा लव्हाळ्याचा काठ मात्र कोणालाच नाही, कारण पावसाळ्यात तिथे मरळ माशांची वीण होते आणि नर-मादी पिल्लांवर पहारा देत फिरत असतात. ही सगळी वाटणी सांभाळायला गावाने केसरीनाथला राखणदार नेमलं होतं. लोक म्हणत, आवाज मोठा आहे म्हणून नेमला. तो स्वतः म्हणे, अक्कल आहे म्हणून.

खरं तर दोन्ही होतं. वीस वर्षं खाडीत रेतीच्या होड्या चालवलेला माणूस. त्रेसष्टाव्या वर्षीही छाती पुढे काढून काठावरून फिरायचा आणि एकूण मजेत असायचा. पाणी, वारा, भांडायला माणसं, दुपारी घरून येणारी भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी, याहून त्याला फारसं काही लागत नसे.

"केसरीभाई," दगडावर बसलेला यासीन म्हणाला, "इतनी सीटी बजाओगे तो मछली समझेगी शिफ्ट शुरू हो गयी. भाग जाएगी."

यासीन पंचवीस वर्षं लूमवर होता आणि दर शुक्रवारी याच दगडावर.

"मासा पलाला तं शिट्टीनी, न्हाय पलाला तं तुझ्या नशिबानी," केसरीनाथ म्हणाला. "तीन आठवडे बघतंय, नुसता पाव खिलवतस त्यांना."

यासीन हसला. तेवढ्यात वरच्या रस्त्यावर एक पांढरी गाडी थांबली. आतून सरपंच पुतळाबाई उतरल्या आणि त्यांच्यामागे ठाण्याचे एक शेठ, हातात गुंडाळलेला नकाशा. गाडी पाहूनच केसरीनाथने शिट्टी तोंडातून काढली. शेठ आज ना उद्या येणार हे त्याला मे महिन्यापासून माहीत होतं.

शेठनी लव्हाळ्याच्या काठाची जमीन घेतली होती. तिथे त्यांना लग्नाचा हॉल बांधायचा होता, धक्का बांधायचा होता आणि दोन मोटरबोटी सोडायच्या होत्या. आता गावकीचा जुना नियम असा, की जमीन कोणाचीही असो, पाण्यापासून पन्नास हातांच्या आत भिंत उभी करायची नाही. हात म्हणजे राखणदाराचा, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. पाणी म्हणजे नारळी पुनवेचं. ते मात्र कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं, कारण पाणी म्हणजे पुनवेचं हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"नियम मला शंभर टक्के मान्य आहे," शेठ केसरीनाथला गोड आवाजात म्हणाले. "फक्त पाणी मे महिन्याचं धरायचं. तुमच्या मुलाच्या हॉटेलचं जोतं जिथून मोजलं ना, तिथून. एकाला एक आणि दुसऱ्याला एक असं तर गाव करणार नाही."

पुतळाबाई केसरीनाथकडे बघत होत्या.

"मोजलं कोनी होतं, दादा?"

"मीच," केसरीनाथ म्हणाला.

खोटं कशाला बोलायचं? मे महिन्यात पाणी आटून पार आत गेलेलं असताना भावेश मागे लागला, बाबा, आताच मोजा, पावसाआधी जोतं भरून घेतो. आणि बाबांनी मोजलं. सगळ्यांना शिट्ट्या मारणारा माणूस पोटच्या पोरापुढे गप्प बसला. दापोड्याला गोदामं बांधून लोक बंगल्यांत राहायला गेले, आपला पोरगा साधं खानावळीसारखं हॉटेल काढतोय, त्याला कुठे आडवं यायचं, एवढंच तेव्हा त्याच्या मनात आलं. आता ते जोतं काठावर दिमाखात उभं होतं, आणि शेठ त्याकडे बोट दाखवत होते.

"मंगलवारी पुनव हाय," पुतळाबाई म्हणाल्या. "तल्याची वटी भरली का मोजू. भावेशचं पन मोजू, शेठचं पन. पुनवेचंच पानी."

त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर केसरीनाथने हे घरात सांगितलं. भावेशने घास ताटात ठेवला. सून करिष्मा भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"मंजे जोतं जानार," भावेश म्हणाला.

"मोजल्यावर कलंल."

"मना आताच कलतंय, बाबा. मागं नऊ-दहा हात जागा उरंल. त्याच्यात हॉटेल न्हाय होत, टपरी होते."

केसरीनाथने भाकरीचा तुकडा मोडला. चूक आपली आणि भरपाई पोराने करायची, हे त्याला भाकरीसोबत गिळावं लागत होतं. त्याला वाईट वाटत होतं आणि ते तोंडावर दिसतही होतं.

पाण्याचा काठ ठरायचा तो सीताबाईंच्या पायावरून. राखणदाराच्या बायकोने घोटाभर पाण्यात उभं राहून तळ्याची ओटी भरायची आणि तिच्या टाचेपासून मोजणी सुरू करायची, अशी रीत होती. भावेशने आईकडे पाहिलं.

"आये, तू गुडघाभर पान्यात गेलीस तं? आठ-दहा हात तितंच निघतील."

सीताबाईंनी त्याच्या ताटात आमटी वाढली.

"वटी तल्याची भरायची का तुज्या हॉटेलाची?" त्या म्हणाल्या. "जेव आता."

मंगळवारी आभाळ उघडलं होतं. गाव नवे कपडे घालून काठावर जमलं. बोटी दोरीला बांधून ठेवल्या होत्या. गळवाल्यांना सुट्टी नसल्यामुळे परकं असं कोणी नव्हतं, फक्त शेठ आणि त्यांचा नकाशा. सीताबाई हिरवं लुगडं सावरत पाण्यात उतरल्या, घोटा बुडेल इतक्याच. खण, तांदूळ, हळदकुंकू आणि नारळ त्यांनी पाण्याला दिला, हात जोडले आणि जागेवर उभ्या राहिल्या. पुढे गेल्या नाहीत आणि मागेही आल्या नाहीत.

केसरीनाथने धोतर वर खोचलं आणि चिखलात गुडघे टेकले. सीताबाईंच्या टाचेशी कोपर टेकवून त्याने हात पसरला, बोटाच्या टोकाशी रेघ ओढली, रेघेवर कोपर आणलं. "एक," पुतळाबाई म्हणाल्या. "दोन." पोराच्या जोत्याकडे बाप असा गुडघ्यांवर सरकत निघाला होता, आणि गाव मागे मागे चालत होतं. दहानंतर त्याला दम लागला. सतरानंतर तो थांबून थांबून पुढे जाऊ लागला. विसावा हात टाकला आणि त्याचा गुडघा असा धरला की त्याला हलता येईना.

"ऱ्हाऊद्या, दादा," पुतळाबाई म्हणाल्या. "ह्याच्यापुढं भावेश मोजंल. घरचाच हात हाय."

गावाने माना डोलावल्या. भावेशचा हात बापापेक्षा आखूड, हे सगळ्यांना दिसत होतं. चार बोटं कमी. राहिलेल्या तीस हातांत चार-चार बोटं म्हणजे सात-साडेसात फूट होतात, आणि जोत्याची मागची खोली तेवढीच होती. पोराचं थोडं तरी वाचावं म्हणून गाव मुद्दाम डोळेझाक करत होतं. गावाची माया असते ती अशी.

"हो हो, तरुण माणसाला मोजू द्या," शेठ लगेच म्हणाले. "मला चालेल. माझ्याही काठाला मग हाच हात."

केसरीनाथ चिखलात बसून राहिला. बोलायला त्याला तोंडच नव्हतं. मे महिन्यात ते आपणच बंद केलं होतं, आता कोणत्या तोंडाने उघडायचं? पोरगा काय करेल ते करेल.

भावेश पुढे आला. त्याने पँट वर दुमडली, विसाव्या रेघेशी बसला, हात पसरला. रेघ ओढली. "एकवीस," पुतळाबाई म्हणाल्या. भावेश त्या रेघेकडे बघत राहिला. मग त्याने मान वर करून शेठकडे पाहिलं. शेठ नकाशा उघडून पेन्सिलीने काहीतरी टिपत होते, आणि चेहऱ्यावरून फार समाधानी दिसत होते.

भावेश उठला. तो कुठे चालला हे कोणाला कळेना. शेजारच्या कुंपणाची बांबूची एक कामटी त्याने उपसली आणि परत येऊन बापापुढे उकिडवा बसला.

"हात द्या, बाबा."

"आता काय ऱ्हायलंय त्याच्यात?"

"द्या तं."

त्याने बापाचा चिखलाने भरलेला हात सरळ केला, कामटी कोपराशी लावली आणि मधल्या बोटाच्या टोकाशी मोडली. मग आपण ओढलेली रेघ पायाने पुसली.

"एकवीस परत घ्या, काकी," तो पुतळाबाईंना म्हणाला. "माझा हात कमी भरतंय."

"एकवीस," पुतळाबाई पुन्हा म्हणाल्या. भावेश कामटी टाकत, रेघ ओढत पुढे सरकत गेला. जोत्याची पहिली पायरी आली, तिच्या कडेने गेला. गल्ल्याची जागा गेली, बाकांची जागा गेली. सत्तेचाळीसला मागची खोलीही निम्मी गेली. करिष्मा तोंडाला पदर लावून उभी होती. पन्नासावा हात भरला तेव्हा भावेश जोत्याच्या मागच्या कडेपलीकडे, तिने लावलेल्या मिरच्यांच्या वाफ्यात गुडघ्यांवर होता. एक रोप हलकेच बाजूला करून त्याने तिथे खुंटी ठोकली.

मग तो उठला, गुडघे न झटकताच शेठसमोर गेला आणि कामटी पुढे धरली.

"चला शेठ, आता तुमचा काठ. कामटी हीच."

शेठनी नकाशा गुंडाळायला घेतला. गाव लव्हाळ्याच्या काठाकडे निघालं, भावेश सगळ्यांच्या पुढे. केसरीनाथ मात्र तिथेच, विसाव्या रेघेशी, चिखलात पाय पसरून बसून त्याच्या पाठीकडे बघत होता. दोघंजण त्याला उठवायला आले.

"जा तुमी," तो म्हणाला. "बरा बसलंय मी."