दुसरा रकाना

नीरजा सिडनीच्या पॅरामॅटा भागातल्या एका कर्ज देणाऱ्या कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्ट होती. ही कंपनी फोनवर दहा मिनिटांत दोन हजार डॉलरपर्यंत कर्ज द्यायची आणि हप्ता पगाराच्याच दिवशी खात्यातून कापून घ्यायची. पुण्याहून नीरजा आली ती याच नोकरीच्या व्हिसावर. २०२१च्या लॉकडाउनमध्ये ती बेडरूममधूनच काम करत होती. नवरा धवल ज्या ट्रॅव्हल एजन्सीत होता ती बंद पडली, तेव्हापासून तो जवळच्या चर्चची व्हॅन चालवायचा. पगार नव्हता. गरजूंच्या घरी किराण्याची खोकी पोचवायची, एवढंच.

त्या चर्चच्या पाद्री हेलन आणि आणखी काही चर्चेसनी मिळून ऑस्ट्रेलियाच्या सेनेटच्या एका समितीला निवेदन दिलं होतं. लोक एक कर्ज फेडायला दुसरं काढतात, तेव्हा या धंद्यावर कडक कायदा हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. समितीने नीरजाच्या कंपनीलाही बोलावलं. तिचा मॅनेजर ब्रेट म्हणाला, "किती जण वेळेवर फेडतात, तेवढं काढून दे."

आकडा चांगला निघाला, शंभरातले एक्क्याण्णव. सवयीने नीरजाने पुढचंही तपासलं. त्यातल्या अठ्ठावन्न जणांनी महिन्याच्या आत पुन्हा कर्ज घेतलं होतं. तिने दोन्ही रकाने पाठवले.

"दुसरा रकाना कोणी मागितला नव्हता," ब्रेट फोनवर म्हणाला. "मी काढून टाकलाय."

संध्याकाळी तिने हे धवलला सांगितलं. तो भांडी घासत होता.

"वेस्टमीडला एक बाई आहे, शाळेत सफाईला जायची," तो म्हणाला. "हप्ता गेला की तिच्याकडे भाड्याला उरत नाही. मग ती तुमच्याकडे परत येते. आणि आमच्याकडेही."

"आणि आपलं भाडं कुठून जातं?"

धवल पुढचं ताट घासायला लागला.

गुरुवारी सुनावणी ऑनलाइन झाली. नीरजाने ती घरूनच पाहिली. आधी हेलन बोलल्या. एका सेनेटरने त्यांना आकडे विचारले.

"आकडे कंपन्यांकडे आहेत," त्या म्हणाल्या. "आमच्या दाराशी रांग आहे, तेवढं मी सांगू शकते."

मग तोच प्रश्न कंपनीतर्फे आलेल्या ब्रेटला गेला. महिन्याच्या आत पुन्हा कर्ज घेणारे किती?

"अशी माहिती आम्ही ठेवत नाही."

नीरजाने लॅपटॉप मिटला. त्या 'आम्ही'मध्ये आपणही आलो, हे तिला काही केल्या सहन होईना.

"तो आकडा हेलनना देऊ या," धवल म्हणाला. "तुझं नाव नाही येणार."

"चोरून कशाला? खोटं मी बोललेले नाही."

तिने ब्रेटला आणि कंपनीच्या वकिलाला एकच मेल लिहिली. ही माहिती आपल्याकडे आहे, मी ती बारा तारखेला पाठवली होती, समितीला दिलेलं उत्तर चुकीचं आहे, ते दुरुस्त करावं. सोबत दोन्ही रकाने जोडले.

"नोकरी गेली तर साठ दिवस," धवल म्हणाला. तेवढ्या मुदतीत व्हिसासाठी दुसरा स्पॉन्सर, म्हणजे नोकरी देणारी कंपनी, मिळाला नाही तर देश सोडावा लागणार होता.

"माहितीये मला." तिने मेल पाठवली.

अर्ध्या तासात वकिलाचा फोन आला. "हे आणखी कुणाला पाठवलंय?"

"कुणालाच नाही."

आठवड्याभरात कंपनीचं दुरुस्तीपत्र समितीकडे गेलं, अठ्ठावन्नच्या आकड्यासकट. तीन आठवड्यांनी नीरजाची पोस्टच रद्द झाली. कारण लॉकडाउनचं दिलं होतं. त्रेपन्नाव्या दिवशी मेलबर्नच्या क्लेटन भागातल्या एका गोदाम कंपनीने तिला डेटाच्याच कामावर घेतलं. पगार कमी होता, पण व्हिसा वाचला.

मेलबर्नला निघायच्या आदल्या दिवशी हेलन मास्क लावून भेटायला आल्या. नीरजा दारातच म्हणाली, "मी त्या कंपनीत होते."

"ठाऊक आहे. धवलने व्हॅन चालवायला घेतली त्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग माझ्याकडे कधी आकडे का नाही मागितलेत?"

"तुमची नोकरी गेली असती."

नीरजाला हसू आलं. "ती गेलीच."

हेलन हसल्या नाहीत. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. लॉकडाउन सुरू झाल्यापासून धवलखेरीज कुणी तिला असा स्पर्श केला नव्हता.

कायदा पुढच्या वर्षाच्या अखेरीस बदलला. हप्त्यावर मर्यादा आली, चर्चेसनी मागितली होती तेवढी कडक नाही. धवलने बातमी वाचून दाखवली. नीरजाने ती पुन्हा एकदा वाचायला लावली.